सालं काढलेलं जेवण

चार बहिणींतली पहिली, म्हणून घरात तिला सगळे थोरली म्हणत. पुढे धाकटी बहीण तिच्याच लॉन्ड्रीत कामाला लागली, जिला तिला "आमची थोरली, आमची थोरली" म्हणून सांगत सुटली, आणि बघता बघता मशीनवरच्या बायका, गाडीतून माल उतरवणारे, एवढंच काय, सुपरवायझर बाईसुद्धा तिला थोरली म्हणू लागल्या. तिनंही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

लॉन्ड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून यायच्या. थोरली रोलरवर होती. रोलर म्हणजे खाटेपेक्षा लांब, आडवं, तापलेलं लोखंडी लाटणंच म्हणायचं. दोघींनी ओली चादर दोन बाजूंनी ताणून धरायची, कड सरळ लावायची आणि आत सोडायची. पलीकडून ती कोरडी, सपाट होऊन बाहेर येते. कड जरा वाकडी गेली की अख्खी चादर चुरगळते, पुन्हा ओली करावी लागते. थोरलीची चादर वाकडी जात नसे. दिवसभर उभं राहून, वाफेत, ती हे करायची आणि वर गप्पाही मारायची.

काम तसं, आणि भूकही तशीच. तिचा डबा बघून नव्या मुली विचारायच्या, "हा कुणाकुणाचा?" ती म्हणायची, "माझा आणि माझ्या दोन हातांचा." जाड्याभरड्या धान्याचा पाव, सालासकट उकडलेले बटाटे, कच्च्या काकड्या, कोबी, आणि एप्रनच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. चावायचं कमी, गिळायचं जास्त. सुट्टीत सगळ्या बाकावर बसायच्या तेव्हा ही खिडकीला टेकून उभ्यानं जेवायची आणि इतर जणी निम्म्यावर असताना हात धुऊन मोकळी व्हायची. घरीही तेच. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, त्याच्या जाण्यायेण्याला वेळकाळ नाही. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. राहता राहिला सासरा. तो पूर्वी गवंडी होता. दात सगळे गेलेले, कवळी हिरड्यांना टोचते म्हणून ड्रॉवरमध्ये पडलेली. त्याला ती मऊ भात कालवून देई, आणि तो त्या वाटीभर भाताशी एवढा वेळ बसे की तिचा जीव कासावीस होई. टेबल पुसायचं खोळंबलेलं, भांडी खोळंबलेली, आणि म्हातारा आपला चमच्याच्या टोकानं भात गोळा करतोय. ती तोंडानं काही बोलत नसे. जे बोलायचं ते भांडी बोलायची.

दुखायला कधी लागलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. बेंबीच्या उजवीकडे पिळवटल्यासारखं व्हायचं, जेवल्यावर तासाभरानं. मग जायचं. गॅस म्हणून सोडून दिलं, वय झालं म्हणून सोडून दिलं, कामाचा ताण म्हणूनही सोडून दिलं. पोट साफ नाही, कोंडा खा, असं कुणी म्हणालं, तर ती कोंडा खाऊ लागली, आणि दुखणं दुप्पट झालं. एप्रनची नाडी पाठीमागे बांधायची ती पुढे आणून बांधता येऊ लागली तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, तू काय बारीक व्हायचं ठरवलंयस का?"

"ठरवून झालं असतं तर मागेच नसते झाले?"

"मग दाखव कुणाला तरी."

दाखवलं. एका डॉक्टरनं दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्यानं नळ्या घातल्या, फोटो काढले. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीण बाईंनी समोर बसवून समजावलं. लहान आतड्याला सूज आहे. ती येत राहणार, जात राहणार. समूळ जाणार नाही. आणि सूज पुन्हा पुन्हा आल्यामुळे एका ठिकाणी वाट अरुंद झाली आहे. "रुंद रस्ता असावा आणि मध्येच एक बोळ लागावा तसं," बाई म्हणाल्या. "त्या बोळातून जे जाईल तेवढंच खायचं."

गोळ्या तर होत्याच. पण त्या पथ्याच्या मानानं सोप्या निघाल्या. साल नको, बी नको, कोंडा नको, कच्चं काही नको, धाग्याधाग्याची भाजी नको, शेंगदाणे तर नावालाही नको. पांढरा भात, पांढरा पाव, सालं काढून मऊ शिजवलेलं गाजर, बटाटा, अंडं, मासा, पिकलेलं केळं. एका वेळी थोडं, आणि बारीक चावून. थोरली ऐकत होती आणि मनात आपला डबा एकेक पदार्थ काढून रिकामा करत होती. शेवटी डब्याचा तळ दिसायला लागला.

"याच्यानं पोट कसं भरायचं?" तिनं विचारलं.

"सवय होईल," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. बाहेर माणसांची रांग होती.

सवय काही होईना. पांढरा भात खाल्ला की पोट भरल्यासारखं वाटे आणि रोलर तापायच्या आत ते पुन्हा रिकामं. जाड खाण्याला पोटात एक वजन असतं, ते दुपारपर्यंत सोबत करतं. हे नवं खाणं म्हणजे पाहुणा यावा आणि चप्पलही न काढता जावा तसं. मग एक दिवस तिनं विचार केला, साल नाही ना, बी नाही ना, मग भरपूर खायला काय हरकत आहे? ताट भरून भात खाल्ला. संध्याकाळी ती मोरीत भिंतीला धरून उभी होती, कपाळावर घाम. दुसऱ्या दिवशी हात आखडता घेतला, तर भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी. पाणी पिऊन पोट फुगवून पाहिलं, तर ते दुसऱ्याच तऱ्हेनं दुखलं. जास्त खावं तरी शिक्षा, कमी खावं तरी शिक्षा. मधली वाट कुठे आहे ते कुणी सांगत नव्हतं, आणि शोधायला अंगात त्राण नव्हतं.

आणि सल्ले. आजार असा की वरून दिसत नाही, त्यामुळे प्रत्येकाला वाटे हिचं काहीतरी चुकतंय. लॉन्ड्रीत एक जण म्हणे, "एवढा पांढरा पाव खाऊन काय होणार, कच्चं खा, त्यात ताकद असते." दुसरी म्हणे, "माझ्या जावेनं नुसत्या फळांवर बरं केलं." थोरली पहिले काही दिवस सांगत बसली. आतडं, सूज, बोळ. मग लक्षात आलं की आपण सांगतोय तोवर सुट्टी संपते आणि आपला घास तसाच राहतो. ती डबा घेऊन पलीकडे ड्रायरच्या मागे, टॉवेलांच्या गाड्यांच्या आडोशाला जाऊन बसू लागली. तिथे गरम होतं आणि गोंगाट इतका की कुणी काही विचारू शकत नसे.

धाकटीला हे लागलं. "आमच्यात बसायला काय झालं तुला?"

"तुम्ही खाता ते बघवत नाही गं."

"मग आम्ही तुझ्यासारखं आणू का?"

"तुम्ही कशाला उपाशी मरता," थोरली म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण त्या हसण्यात काही जोर नव्हता.

चादरी वाकड्या जाऊ लागल्या. सकाळची चहाची वेळ उलटली की तिचे हात कापत. सुपरवायझर बाई मागे येऊन उभ्या राहत. थोरलीच्या उभ्या नोकरीत कुणी तिच्या मागे असं उभं राहिलं नव्हतं.

असंच एकदा कामाची पाळी सुटली. बसस्टॉपच्या कोपऱ्यावर एक बाई कोळशावर मक्याची कणसं भाजत होती. थोरली रोज तिथून जायची आणि रोज तोंड फिरवायची. त्या दिवशी नाही फिरवलं. दुपारचा डबा नीट गेला नव्हता, पोटात खड्डा पडला होता, आणि तो वास आला. तिनं कणीस घेतलं आणि चालता चालता, जुन्या थोरलीसारखं, दाण्यांच्या ओळीच्या ओळी ओरबाडून खाल्लं. घरी पोचेपर्यंत हातात बुरखुंड तेवढं उरलं होतं. कित्येक महिन्यांनी पोटाला वजन आलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि तिला इतकं बरं वाटलं की डोळे मिटले.

अंधार पडायच्या सुमारास कळ आली ती आधीच्या कळांसारखी नव्हती. ती गेलीच नाही. पोट दगडासारखं झालं, उलट्या सुरू झाल्या. सासऱ्यानं काठी टेकत टेकत शेजारचं दार वाजवलं, शेजाऱ्यानं गाडी काढली.

दवाखान्यात नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं, आणि तोंडानं काहीही द्यायचं नाही असं सांगितलं. सलाइन चालू. सुदैवानं कापाकापी करावी लागली नाही. हळूहळू वाट मोकळी झाली. पण त्या दिवसांत एक गोष्ट घडली, जिची तिला धास्ती बसली. भूक गेली. आसपासच्या खाटांवर जेवणाचे ट्रे यायचे, झाकणं उघडायची, वास सुटायचा, आणि तिला काहीच वाटायचं नाही. खालच्या चादरीवरून ती हात फिरवायची. कदाचित आपल्याच रोलरवरून आलेली असेल, असं तिच्या मनात यायचं, आणि तेही येऊन निघून जायचं.

नवरा उशाशी बसून म्हणाला, "अगं, कणीस खायचं तर मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही खाऊ दिलं असतं?"

"नाही."

"मग?"

त्यानं तिची चादर पायांकडून नीट केली.

घरी आली ती वाळून. निदान महिनाभर काम नको, असं डॉक्टरीण बाईंनी लिहून दिलं होतं. नवरा सकाळीच बाहेर पडे. घरात ती आणि सासरा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दोघं दिवसभर एका घरात असे कधी राहिलेच नव्हते. तिचं जगणं लॉन्ड्रीत आणि त्याचं खिडकीजवळच्या खुर्चीत.

पहिल्या दिवशी तिनं एकच पातेलं चढवलं. दोन पातेली चढवायची ताकद नव्हती, एवढंच कारण. मऊ भात, त्यात गाजर आणि बटाटा ठेचून, वर अंडं फेटून सोडलेलं, थोडं लोणी. त्याची वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि आपली घेऊन समोर बसली. उभं राहणं होत नव्हतं. चार घास भराभर गिळले आणि पोटात ओढ बसल्यावर थांबली.

सासरा तिच्याकडे बघत होता. "पोरी, मागे गाडी लागलीय का?"

"सवय हो, बाबा."

"मलाही होती." त्यानं चमच्याच्या टोकावर थोडासा भात घेतला, तोंडात ठेवला, आणि हिरड्यांनी, जिभेनं, टाळूनं, सगळं तोंड कामाला लावून तो विरघळेपर्यंत घोळवला. "वाटी मोठी घेतलीस. आधी अर्धीच घे."

"अर्ध्यानं काय होतंय माझं?"

"अर्ध्यानंतर पुन्हा अर्धी. कुणी अडवलंय? पण आपण थांबायचं मध्ये. पोटाला कळायला वेळ लागतो. ते काही तोंडाइतकं हुशार नाही."

तिला हसू आलं. हसताना पोट दुखलं म्हणून तिनं ते आवरलं.

अशी सुरुवात झाली. त्याला कुणाला शिकवायचं नव्हतं. तो नुसता आपलं जेवण जेवायचा, आणि ती पहिल्यांदाच समोर बसून ते बघत होती. तो गार खात नसे. भात गार झाला की दोन घोट गरम सूप घालून घ्यायचा. नुसता भात कधी खात नसे, त्यात अंडं नाहीतर मासा नाहीतर निदान लोणी हवंच. "नुसता भात म्हणजे नुसती वाळू," तो म्हणे, "भिंत उभी राहत नाही." आणि तो थोड्या थोड्या वेळानं खायचा, भूक लागलेली नसतानासुद्धा. यावरूनच तर ती इतकी वर्षं चिडत आली होती, की म्हाताऱ्याला खाण्याशिवाय उद्योग नाही.

"भूक लागायची वाट नाही बघायची," तो एकदा म्हणाला. "ती आली की मग आपलं चालत नाही. ती सांगेल ते खातो आपण."

थोरलीला कणीस आठवलं.

दोघांना गप्पा मारायला विषय असा नव्हता. पण जेवण लांबलं की काहीतरी बोलावंच लागतं. त्यानं सांगितलं की दात गेले तेव्हा तो अजून कामावर होता. हिरड्या कुजल्या, एकामागून एक दात काढावे लागले, पन्नाशीही नव्हती उलटली. दिवसभर विटा उचलायच्या, घमेली चढवायची, आणि दुपारी बाकीचे गडी कडक पाव मोडून खात असताना याच्या डब्यात दुधात भिजवलेला पाव. "लहान लेकराचा डबा आणलाय चुकून, असं म्हणायचे. मग मी वाळूच्या ढिगामागे जाऊन खायचो."

"मी ड्रायरच्या मागे जाते," थोरली म्हणाली.

त्यानं मान डोलावली, जणू त्याला ते माहीतच होतं.

मग थोड्या वेळानं, चमचा वाटीत फिरवत, अगदी साध्या आवाजात तो म्हणाला, "तू भांडी आपटायला लागलीस ना, की मी घास तसाच गिळायचो. मग दुपारभर पोटात दुखायचं."

थोरलीचा हात थांबला. तो रागावलेला नव्हता. कुठल्यातरी जुन्या बांधकामाबद्दल सांगावं तसं त्यानं सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर गाजराचा एक तुकडा चमच्यानं दाबत बसला होता. ती उठली, पातेल्यातला उरलेला भात पुन्हा गरम केला, त्याच्या वाटीत घातला, थोडा आपल्या वाटीत घातला, आणि परत येऊन बसली. त्या दुपारी भांडी तशीच राहिली. संध्याकाळी घासली.

त्या महिन्यात तिचं वजन जरासं वाढलं. फार नाही. एप्रनची नाडी पुन्हा मागे जाईल असं काही नव्हतं. पण हात कापायचे थांबले. पोट भरलंय असं तिला वाटू लागलं, तेही पूर्वीसारखं दगड ठेवल्यागत नाही. आत कुणी मंद आच लावून ठेवल्यासारखं. ते टिकवायला मात्र दिवसभर राबावं लागे. सोलायचं, उकडायचं, चाळायचं, ठेचायचं, थोडं खायचं, थांबायचं, पुन्हा गरम करायचं. रोलरवरच्या पाळीनं ती दमायची, पण पाळी सुटायची तरी. ह्या कामाला सुटणं नव्हतं. कधी कधी सकाळी गाजर हातात घेतलं की तिला वाटे, हे आता मरेपर्यंत. मग ती सोलायला घ्यायची.

कामावर परत जायची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली. लॉन्ड्रीत जेवणाची सुट्टी एक. तिला तर दर दोन-अडीच तासांनी काहीतरी तोंडात घालायला हवं, आणि तेही बसून, सावकाश. ती सुपरवायझर बाईंसमोर उभी राहिली. धाकटी न सांगताच मागे येऊन उभी राहिली.

"मध्ये मध्ये दहा मिनिटं मिळाली तर," थोरली म्हणाली.

"रोलर थांबत नाही, तुला माहितेय," बाई म्हणाल्या. "तू हललीस की समोरची पण हात बांधून बसणार. आज तुला दिली, उद्या सगळ्या मागतील."

"सगळ्यांचं आतडं बिघडलंय का?" धाकटी मागून म्हणाली.

"तू गप्प गं," थोरली म्हणाली.

बाईंनी कपाळ चोळलं. त्याही सकाळपासून उभ्याच होत्या. "फाटक्या चादरींच्या टेबलावर बसशील? तिथे तुझं तू काम. केव्हा खातेस, किती वेळ खातेस, मी बघणार नाही. पण रोलर सोडावा लागेल."

फाटक्या चादरींचं टेबल म्हणजे कोपऱ्यातली जागा. फाटलेलं, विरलेलं वेगळं काढायचं, शिवण्यासारखं असेल तर शिवायचं. तिथे पायांनी अधू झालेल्या नाहीतर निवृत्तीला टेकलेल्या बायकांना बसवत. थोरलीनं रोलरकडे पाहिलं. तिच्या जागी एक नवी मुलगी उभी होती, कोपर फार वर उचलत होती.

"बसेन," ती म्हणाली.

घरी येऊन ती गाजरं सोलायला बसली. सासऱ्यानं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "बसायचं काम दिलंय."

"बसून जेवता येईल मग."

"हो. तेवढ्यासाठीच दिलंय."

त्यानं तिच्या वाटीत लोण्याचा आणखी एक चमचा सरकवला.

टेबलाची तिला सवय झाली, आवड कधी लागली नाही. सुई चालवताना ती रोलरचा आवाज ऐके आणि आवाजावरून तिला कळे की चादर वाकडी गेली. डबा आता तीन लहान डब्यांचा झाला होता, आणि एक थर्मास. सुट्टीत ती पुन्हा बाकावर बसायला गेली, कारण सकाळचं पोटात असल्यावर दुसऱ्यांच्या काकड्या तितक्या छळत नसत. कुणी सल्ला दिला की ती "बरं, करून बघते" म्हणे आणि आपला घास चावत राही. संध्याकाळी घरी सासरा थांबलेला असे. तो तिच्याशिवाय जेवत नसे.

सूज दोनदा पुन्हा आली आणि गेली. दुसऱ्या वेळी तिला आठवडाभर पातळावर राहावं लागलं, तेव्हा तोही पातळच प्यायला. गरज नाही म्हणून तिनं सांगितलं तर म्हणाला, "दोन पातेली कशाला चढवतेस."

पुढच्या थंडीत तो खालावला. आजार असा काही नव्हता, वय होतं. अर्ध्या वाटीची पाव वाटी झाली. मग दोन चमचे. थोरली समोर बसून राही, तिची वाटी संपे, पुन्हा भरून घेई, तीही संपे, आणि त्याचा भात तसाच.

"बाबा, अजून एक घास."

"भरलं पोट."

खरंच भरलं होतं की चावायचा कंटाळा आला होता, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तिला तो कंटाळा चांगला ठाऊक होता. म्हणून ती फार आग्रह करत नसे. भात गाळून, सूपासारखा करून पेल्यात देई; तो एक घोट घेई आणि पेला हातात धरून ऊब घेत बसे. एका सकाळी ती चहा घेऊन गेली तर तो गेलेला होता. झोपेतच. शेजारच्या स्टुलावर आदल्या दिवसाचा पेला होता, अर्धा प्यायलेला.

माणसं आली, गेली. घर रिकामं झालं. थोरली कामावर जाऊ लागली, डबे भरत होती, रिकामे करत होती. संध्याकाळी मात्र बिघडलं. एकटीनं टेबलाशी बसलं की चार घासांत जेवण उरकायचं. सावकाश खायचं म्हटलं तरी कुणासाठी थांबायचं, हे कळत नसे. अर्धी वाटी खाऊन ती उठे आणि पुन्हा अर्धी घ्यायला परत येतच नसे. दोन महिन्यांत तिचं वजन इतकं उतरलं की डॉक्टरीण बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"औषध घेताय?"

"घेते."

"खाताय?"

"खाते."

"काय होतंय नक्की?"

थोरली म्हणाली, "बाई, जेवायला कंटाळा येतो."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आजवर तो तपासणीच्या खोलीत नुसता पिशवी धरून बसायचा. बाई म्हणाल्या, वजन असंच उतरत राहिलं तर तो अरुंद भाग कापून काढायचा विचार करावा लागेल, आणि कापायचं तरी आधी अंगात काहीतरी हवं. बसमधून उतरताना नवरा म्हणाला, "मी येत जाईन लवकर."

"कामाचं काय?"

"लिफ्ट काय, बंद पडायच्या त्या पडतातच. दुसराही आहे बघायला."

रोज काही जमलं नाही. पण आठवड्यातले बरेच दिवस तो दिवेलागणीला घरी येऊ लागला. हातपाय धुऊन बापाच्या खुर्चीत बसे. तिच्याबरोबर तोच मऊ भात खाऊ लागला, आणि त्याला तो अजिबात आवडत नसे. चार घासांत त्याची वाटी रिकामी होई. मग तो तिच्याकडे बघत बसे, आणि ती अवघडून म्हणे, "असं बघू नका. काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"आज काय झालं ते."

त्याला सांगायची सवय नव्हती. तो मुकाट्यानं काम करणारा माणूस. आठवून आठवून तो सांगू लागला: अमुक इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत एक म्हातारी बाई आणि तिचा कुत्रा, बाई शांत, कुत्राही शांत, आणि बाहेर जमलेली माणसं ओरडून ओरडून घामाघूम. दार उघडल्यावर ती बाई म्हणाली, मी इथेच बरी होते.

थोरली हसली. आता हसल्यावर दुखत नव्हतं. तिनं आणखी अर्धी वाटी भात घेतला, त्यावर सूप ओतलं.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय. गेली वर जिन्यानं. कुत्रा यायला तयार नव्हता, त्याला मी उचलून नेलं."

त्याचे डोळे मिटायला लागले होते. सकाळपासून जिने चढत होता. बोलता बोलता हनुवटी छातीला टेकली आणि तो खुर्चीतच झोपला. थोरलीनं त्याला उठवलं नाही. तिची वाटी अजून अर्धी व्हायची होती. ती एकेक घास तोंडात घोळवत, त्याचा जड श्वास ऐकत जेवत राहिली.